मागे राहिलेली कोरुरो

साउथहॅम्प्टनच्या बाहेर, बसच्या शेवटच्या स्टॉपवर उतरून शेतांच्या कडेकडेने चालत गेलं की एक लहानसं प्राणी-उद्यान लागायचं. वाघसिंह नव्हते. शाळेच्या सहली यायच्या, पेन्शनीतली जोडपी यायची, कॅफेत चहा आणि स्कोन खाऊन परत जायची. दोन हजारच्या दशकाच्या मधल्या काही वर्षांत मी तिथे कीपर होते. कीपर हा शब्द ऐकायला बरा वाटतो. काम म्हणजे ओलं गवत उपसायचं, पाण्याची भांडी घासायची, काचा पुसायच्या आणि चाकगाडी ढकलत उकिरड्यापर्यंत न्यायची.

नागपूरला मी जनावरांची डॉक्टर होते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाईम्हशींची अडलेली वेतं सोडवली होती. इथे ती पदवी चालत नव्हती. वेगळी परीक्षा द्यावी लागे. पुस्तकं आणली होती, ती खिडकीच्या कट्ट्यावर उभी करून ठेवली होती. पण संध्याकाळी घरी पोचल्यावर बूट काढायलाही वाकवत नसे, तिथे पुस्तक कोण उघडणार?

नवरा माणसांचा डॉक्टर. आम्ही आलो तेव्हा त्याला ट्रेनिंगची जागा मिळेल असं सगळेच म्हणत होते. मग परदेशी डॉक्टरांसाठी नियम बदलले आणि त्याच्यासारखे कितीतरी जण अधांतरी लटकले. तो लोकम करायचा. म्हणजे कुठल्या हॉस्पिटलात कोणी रजेवर गेलं की याला बोलावणं. कधी स्लाऊ, कधी बर्मिंगहॅम, कधी नाव न ऐकलेलं एखादं गाव. शनिवारी घरी आला की झोपायचा आणि उठला की जॉब ॲप्लिकेशन भरत बसायचा. आमच्यात भांडण असं नव्हतं. भांडायलाही थोडं बळ लागतं.

आई दर रविवारी फोन करायची.

"जनावरांची डॉक्टर तू, अन् तिथं उंदरं सांभाळून राहिली का?"

"उंदीर नाहीत गं ते. कोरुरो म्हणतात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... उंदरासारखेच."

"हो का," म्हणायची ती, आणि पुढे तिकडच्या उन्हाळ्याबद्दल बोलायची.

कोरुरो दक्षिण अमेरिकेतला. चिलीत, डोंगर आणि समुद्राच्या मधल्या पट्ट्यात, जमिनीखाली बिळं करून राहतो. अंगाने तळहातावर मावेल एवढा, काळाकुळकुळीत, कान जवळजवळ नाहीतच, आणि पुढचे दात असे बाहेर आलेले की तोंड मिटलं तरी दिसतात. त्या दातांनीच तो माती फोडतो. कंद खातो, कंद साठवतो, एका भागातले कंद संपले की सगळं कुटुंब खणत खणत पुढे सरकतं. आमच्या उद्यानात त्यांचं एक घराणं होतं. काचेच्या तोंडाच्या एका मोठ्या हौदात माती भरलेली, काचेला लागून दोन-तीन बोगदे दिसतील अशी सोय केलेली. कोरुरोंनी पहिल्याच आठवड्यात ते बोगदे बुजवून टाकले होते म्हणे आणि आत, कोणाला दिसणार नाही असे, स्वतःचे खणले होते.

त्यामुळे लोक यायचे, वाकून बघायचे, काचेवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "इथे काहीच नाहीये." मी शेजारी फडकं घेऊन उभी असायचे. सुरुवातीला सांगायचे, "आहेत, आत आहेत, जरा थांबा." नंतर सांगणं सोडून दिलं.

ते दिसत नसले तरी ऐकू यायचे. सायकलच्या घंटीवर अंगठा ठेवून ती नुसती खुळखुळत ठेवावी तसा एक लांबलचक आवाज मातीतून यायचा. एकाने सुरू केला की दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरा. माणसं गेल्यावर, मी झाडत असताना, ते हमखास बोलायचे. माझा त्यांच्यावर जीव जडला होता असं मी म्हणणार नाही. जीव जडवण्याइतकी जागा तेव्हा माझ्यात उरली नव्हती. पण बाकीचे प्राणी मला बघून काहीतरी मागायचे, लामा बादलीत तोंड घालायचे, माकडं जाळी हलवायची. कोरुरो काही मागत नव्हते. रताळ्याचे तुकडे बिळाच्या तोंडाशी ठेवायचे, वळायचं, परत बघेपर्यंत तुकडे गेलेले असायचे. दिवसभरातलं तेवढंच काम मला जड वाटत नसे.

आमची हेड कीपर साठीची इंग्लिश बाई होती. आयुष्यभर प्राण्यांतच काम केलेली, गुडघे गेलेले, मोतीबिंदू वाढत चाललेला. मी आत जाताना जी मान खाली घालून जायचे ती तिला दिसत असावी. रोज माझ्यासाठी चहात दोन चमचे साखर घालून ठेवायची. मी साखर घेत नाही हे तिला सांगायचं राहिलं, ते राहिलंच.

एका जानेवारीत मालकाने टी-ब्रेकला सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की कोरुरोंचा हौद होता ते छोट्या प्राण्यांचं घर बंद करायचंय. गरम ठेवायला फार खर्च, आणि बघायला कोणी येत नाही. तिथे मुलांसाठी घसरगुंड्या होतील. बाकीचे प्राणी इकडेतिकडे जाणार होते. कोरुरो एडिनबराजवळच्या एका लहानशा केंद्राला हवे होते. तिथे एक संशोधक जमिनीखाली राहणाऱ्या प्राण्यांच्या आवाजांचा अभ्यास करायचा.

"चांगली जागा आहे," हेड कीपर म्हणाली. "त्यांचं ऐकायला तरी कोणीतरी असेल."

त्यांना बाहेर काढायचं काम मात्र मोठं निघालं. एका टोकापासून माती उपसत, हाताने बोगदे मोकळे करत आम्ही दोघी दुसऱ्या टोकाकडे सरकत होतो. मध्ये त्यांची कोठारं लागली, गाजराचे आणि रताळ्याचे तुकडे नीट रचून ठेवलेले, काही वाळून लाकूड झालेले. मग घरटं लागलं. वाळल्या गवताचा गोळा, आत हात घातला तर ऊब. एकेक जण निसटत होता, एकेकाला टॉवेलात धरून पेटीत सोडत होतो. एकाने माझ्या अंगठ्याला हातमोज्यातून चावा घेतला. दुपारपर्यंत हौदाच्या एका कोपऱ्यात मातीचा मोठा ढीग तेवढा उरला. त्यात काठी फिरवून पाहिली, काही हललं नाही. एकंदर किती होते हे कोणालाच पक्कं माहीत नव्हतं. सगळे एकदम कधी वर आलेच नव्हते. व्हॅन आली, पेट्या चढवल्या, व्हॅन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फावडं घेऊन तो ढीग उपसायला गेले. हीटर बंद केलेला, काचेवर आतून पाणी साचलेलं. फावडं टेकवलं आणि आवाज आला. तोच, लांब, खुळखुळता. मी थांबले. आवाज संपला. मग बराच वेळ शांतता. मग पुन्हा तोच आवाज, आणि पुन्हा शांतता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आत राहिलेला कोणीतरी आवाज करून थांबतोय ते उत्तरासाठी.

मी तशीच जाऊन हेड कीपरला घेऊन आले. ती गुडघ्यांवर बसली, कान लावला.

"अरे देवा," ती म्हणाली. "एक राहिलाय."

तिने एडिनबराला फोन लावला. मी शेजारी उभी होते. तिकडच्या संशोधकाने सांगितलं ते तिने मला सांगितलं. हे प्राणी एकमेकांना वासावरून ओळखतात. नव्या जागेत, नव्या मातीत त्या घराण्याचा वास बदलत जाणार. मागे राहिलेल्याला दोन-चार दिवसांत आणलं तर घेतील बहुतेक. उशीर झाला तर परका समजून फाडून टाकतील. आणि एकटा तो फार दिवस जगायचा नाही, खाणं सोडेल.

व्हॅनवाला पुढच्या आठवड्याच्या शेवटाशिवाय येणार नव्हता. मालक येऊन बघून गेला. वाईट माणूस नव्हता तो. हौदाकडे पाहत म्हणाला, "व्हेटला बोलावून इंजेक्शन देऊया का? त्याचेही हाल वाचतील."

हेड कीपरने माझ्याकडे पाहिलं. तिला मोतीबिंदूमुळे लांबचं ड्रायव्हिंग होत नव्हतं आणि मला गाडी येत नव्हती. मी म्हणाले, "मी नेते." कशी नेणार हे बोलताना मला माहीत नव्हतं.

आधी त्याला धरायला हवं होतं. ढीग उपसला तर तो घाबरून खाली खाली जाणार, फावडं लागायचीही भीती. आदल्या दिवशी काढलेलं जुनं घरटं उकिरड्यावर टाकलं होतं. मी जाऊन ते शोधलं. वरचं पावसाने भिजलं होतं, पण आतलं गवत कोरडं होतं आणि त्याला तो उग्र, आंबूस वास होता. ते गवत एका लाकडी पेटीत भरलं, रताळं ठेवलं, पेटी आडवी करून ढिगाला टेकवली. आणि मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. नंतर हेड कीपर दोन वेळा डोकावून गेली. मला डुलकी लागली असणार, कारण डोळे उघडले तेव्हा पेटीतलं गवत हलत होतं. मी झाकण लावलं. तेव्हा पाहिलं, ती मादी होती, वयाने लहान, एका कानाच्या जागी जुनी जखम.

दुपारी नवऱ्याला फोन केला. तो तेव्हा मिडलँड्समध्ये होता.

"उद्या घरी आलास की एडिनबराला जाऊया का?"

"एडिनबराला काय आहे?"

"एक प्राणी पोचवायचाय."

त्याच्या मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजत होती.

"मी नाइट्स संपवून येतोय," तो म्हणाला.

"माहितेय मला."

"ट्रेनने नाही जाता येणार?"

"तीन गाड्या बदलायच्या, आणि थंडीत... नाही सोसायचं तिला."

"केवढा आहे?"

"तुझ्या हातात मावेल."

तो हसला की त्याने सुस्कारा टाकला, फोनवर कळलं नाही. "बरं," म्हणाला. "आल्यावर मला जरा पडू दे. मग निघू."

तो शुक्रवारी आला, रात्रभर मेल्यासारखा झोपला, आणि शनिवारी उजाडायच्या सुमारास आम्ही निघालो. आमची गाडी जुनी, हीटर एकतर पूर्ण बंद नाहीतर पूर्ण चालू. पेटी मी मांडीवर घेतली होती, वर आईने दिलेली शाल. पाऊस नव्हता, पण पुढच्या ट्रकांनी उडवलेलं पाणी सारखं काचेवर येत होतं. मोटरवेवर दोन्ही बाजूंना तीच ती ओली शेतं. मी मधूनमधून पेटीला कान लावत होते. आत हालचाल नव्हती.

लँकेस्टरच्या आसपास तो म्हणाला, "परवा अजून एक नकार आला."

"बोलला नाहीस."

"काय बोलायचं? तेच वाक्य असतं." वायपर थोडा वेळ फिरत राहिले. "मी विचार करतोय, परत जावं. नागपूरला बाबांच्या ओळखीच्या हॉस्पिटलात घेतील मला. तुलाही तुझं काम करता येईल. तू काय म्हणतेस?"

मी किती महिने वाट बघत होते की याने हे विचारावं. आणि आता विचारलं तर जाऊया म्हणण्यात सुटका नव्हती, राहूया म्हणण्यात जिद्द नव्हती. मी म्हणाले, "मला आत्ता काहीच ठरवता येत नाहीये रे. मला फक्त ही जिवंत पोचायला हवी आहे."

मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "मलाही नाही ठरवता येत. विचारायचं म्हणून विचारलं."

मग तो बोलत राहिला. वॉर्डात त्याला रोज वेगळ्या नावाने हाक मारणाऱ्या एका म्हाताऱ्याबद्दल, हॉस्पिटलच्या खोलीतल्या पलंगाबद्दल, एकदा पहाटे गाडी चालवताना डोळा लागला होता त्याबद्दल. हे मला माहीतच नव्हतं. मीही सांगितलं, काचेवर टकटक करणाऱ्यांबद्दल, पाठीबद्दल, त्या पुस्तकांकडे बघायचीही मला लाज वाटते त्याबद्दल. दोघंही समोर रस्त्याकडे बघत बोलत होतो, त्यामुळे सोपं जात होतं.

कार्लाइल मागे पडलं आणि शालीखालून आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग गाडीभर.

"हा तिचा आहे?" तो म्हणाला.

"हो."

"एवढ्याशा जीवाचा?" त्याने वेग कमी केला, पहिली सर्व्हिसेस, म्हणजे मोटरवेच्या कडेचा थांबा, लागली तिथे गाडी आत घेतली आणि इंजिन बंद केलं. आम्ही बसून ऐकलं. आवाज थांबला की तोही श्वास रोखून थांबायचा.

"कोणाला बोलावतेय?"

"घरच्यांना."

तो उतरून दोन कॉफी आणि चिप्स घेऊन आला, आम्ही गाडीतच खाल्ल्या, आणि निघालो.

एडिनबराबाहेरचं ते केंद्र म्हणजे शेतघराच्या मागची एक लांबट शेड होती. संशोधक पन्नाशीचा स्कॉटिश माणूस, कोपरावर विरलेला स्वेटर घातलेला, फार हळू बोलायचा. आम्हाला आधी चहा हवा का विचारलं. मी म्हणाले, आधी हिला सोडूया.

त्याने आमचं घराणं मातीच्या एका मोठ्या हौदात ठेवलं होतं. तीन दिवसांत त्यांनी तिथेही खणायला सुरुवात केली होती, ताज्या मातीचे उंचवटे दिसत होते. हौदाच्या एका टोकाला त्याने फळी लावून मोकळा भाग ठेवला होता. तिथे मी पेटी उघडली, जुन्या घरट्याच्या गवतासकट तिला आत सोडलं. मग त्याने फळी हळूच वर केली.

पहिली आली ती एक थोराड मादी. दात पिवळे, अंगावरचे केस फुगवलेले. तिच्यामागे आणखी दोघं. थोराड मादीने दात एकमेकांवर घासले, तो आवाज मला अजून आठवतो, सुरी परजल्यासारखा. आमची मागे सरकली. थोरलीने झेप घेतली, मागच्या पायाला चावली, दोघी एकमेकींत गुंतून लोळल्या. माझा हात आपोआप पुढे गेला.

"थांब," संशोधक म्हणाला. "अगदी थोडंसं थांब."

मी हात मागे घेतला. नवऱ्याने माझं कोपर धरलं होतं ते मला नंतर कळलं. त्या दोघी वेगळ्या झाल्या. आमच्या छोटीच्या पायावर रक्त होतं. ती सुटून पळाली ती बिळाकडे नाही, गवताच्या ढिगाकडे, आणि त्यात घुसली. थोरली मागोमाग गेली, गवत हुंगलं, बराच वेळ हुंगलं. अंगावरचे केस बसले. मग तिने तोंडात भरेल तेवढं गवत उचललं आणि बिळात घेऊन गेली. परत आली, आणखी नेलं. तिसऱ्या खेपेला आमची तिच्या मागोमाग आत गेली.

आम्ही तिघं नुसते मातीकडे बघत उभे राहिलो. आता दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

"हे बरं लक्षण आहे," तो म्हणाला. "पण सकाळपर्यंत काही खरं नाही. सकाळी कळवतो."

गावातल्या एका गेस्टहाउसमध्ये आम्ही राहिलो. नवरा बूट न काढताच पलंगावर आडवा झाला. मला वाटलं होतं मला झोप येणार नाही, पण मीही झोपले. सकाळी मालकीणबाईने दार वाजवून फोन आल्याचं सांगितलं. खाली जाऊन रिसीव्हर उचलला. संशोधकाने घरट्याला लावलेल्या एका छोट्या कॅमेऱ्यातून पाहिलं होतं. सगळे एका ढिगात झोपले होते. आमची कोणती हे त्याला सांगता येत नव्हतं, सगळे सारखेच काळे, पण कोणी बाहेर फेकलेलं नव्हतं आणि मेलेलंही कोणी नव्हतं.

वर येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो अर्धवट झोपेत म्हणाला, "पायाची जखम?"

"भरेल म्हणाला."

"मग झालं," म्हणाला आणि कूस बदलून परत झोपला. मी खिडकीशी बसले. बाहेर राखाडी दगडांची घरं, राखाडी आकाश, कुत्रा फिरवणारी एक बाई. मला आनंद झाला होता का? झाला असावा. पण आधी जाणवलं ते एवढंच की आता खांदे सैल सोडले तरी चालेल, आणि ते सोडल्यावर इतके दुखले की डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी मी कामावर गेले. हेड कीपरला सगळं सांगितलं, तिने दोनदा सांगायला लावलं. मग आम्ही दोघींनी तो हौद रिकामा केला आणि माती गुलाबांच्या वाफ्यांत नेऊन टाकली.

वसंतात ती नोकरी संपली. नवऱ्याला त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्यांच्या मनोविकारांच्या विभागात जागा मिळाली. त्याने कधी मागितली नव्हती अशी शाखा, आणि उत्तरेकडचं एक पावसाळी गाव. आम्ही परत जायचं ठरवलं नाही, राहायचंही ठरवलं नाही, ती जागा घेतली. तिथे मला एका व्हेटच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून घेतलं. परीक्षेला बसले, नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले. आता कुत्री-मांजरं बघते, कधी एखाद्या लहान मुलाचा गिनीपिग. गाय वर्षानुवर्षं हाताखाली आलेली नाही. हेड कीपरच्या डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं झालं. नाताळला ती फोन करते आणि सुनांच्या तक्रारी सांगते.